दादांचंच उदाहरण घ्या

थोरलीकडे महिन्यातून एका रविवारी सगळे जेवायला जमत. तिघी बहिणी, तिघींचे नवरे आणि पोरंटोरं. आई होती तोवर हे आईकडे चालायचं, आई गेल्यावर ते आपोआप थोरलीच्या गळ्यात पडलं. भाजी वाढून होते न होते तोच वादही वाढला जायचा. वाद दरवेळी एकच: देशात ज्यांना विमा नाही त्यांच्या आजारपणाचा भार सरकारने उचलावा की खाजगी विमा कंपन्यांनी? त्या दिवसांत हा प्रश्न वर्तमानपत्रांत, बँकेच्या रांगेत, न्हाव्याच्या खुर्चीत, सगळीकडे चघळला जात होता. पण थोरलीच्या टेबलाशी तो जेवढ्या त्वेषाने चघळला जाई, तेवढ्या त्वेषाने तिथे जेवणही कुणी चावत नसे.

मधले जावई एका खाजगी विमा कंपनीत बडे मॅनेजर. धाकटे जावई कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात, म्हणजे बहुतेक सगळ्याच वेळात, ‘सर्वांना सरकारी विमा’ मागणाऱ्या समितीचे चिटणीस असत. मधल्यांचा आवाज मऊ. बोलताना ते समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवत आणि समोरचा सही करेपर्यंत तो उचलत नसत. धाकट्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा बेताचा. त्यांनी मीठ मागितलं तरी ठराव मांडल्यासारखं वाटे.

या दोघांच्या मध्ये थोरले जावई बसत, थोरलीचा नवरा. त्यांना सगळे दादा म्हणत. दादा लिफ्ट दुरुस्त करत. एका ठेकेदाराकडे वर्षानुवर्षं काम करत होते, पण ठेकेदार त्यांना कामगार म्हणायचा नाही, ‘स्वतंत्र व्यावसायिक’ म्हणायचा. म्हणजे रजा नको, विमा नको, कसली कटकटच नको. दादांचं स्वातंत्र्य ते एवढंच.

“आता दादांचंच उदाहरण घ्या,” मधले म्हणत. “कष्टाळू माणूस. आज एक साधी पॉलिसी घेतली, तर उद्या ताठ मानेने इस्पितळात जाईल. सरकारपुढे हात पसरायला नको.”

“घ्याच दादांचं उदाहरण,” धाकटे चमचा उगारत. “हा माणूस तुमच्या थंडगार कचेरीची लिफ्ट चालू ठेवतो, आणि तुम्ही त्यालाच पॉलिसी विकायला निघता! त्याच्या घामावर तुम्ही आठव्या मजल्यावर चढता, मॅनेजरसाहेब!”

“तुम्ही जिन्याने चढता वाटतं, प्राध्यापक?”

दादा हसत आणि दोघांच्याही ग्लासात पाणी ओतत. भांडणाऱ्या माणसांना तहान लागते, एवढंच त्यांना त्या वादातलं कळत असावं, किंवा तेवढंच कळून घ्यायचं त्यांनी ठरवलं असावं.

थोरलीच्या मात्र एक गोष्ट फार पूर्वीच लक्षात आली होती. ऊठसूट लाखो विमाहीन लोकांबद्दल बोलणाऱ्या या दोघांच्या ओळखीत विमा नसलेला माणूस एकच होता, तिचा नवरा. म्हणून तर दोघंही त्याला जपून वापरत, पाहुण्यांपुरती काढायची कपबशी असते ना, तसे.

दादांना विमा नव्हता यालाही एक इतिहास होता. मागे एकदा त्यांनी पॉलिसी घ्यायची मनाची तयारी केली होती, मधल्यांना फोनही केला होता. ते धाकट्यांच्या कानावर गेलं आणि त्याच संध्याकाळी ते धापा टाकत हजर झाले.

“दादा, काय ऐकतोय मी? तुम्हीच फुटलात तर आम्ही कुणाच्या जोरावर लढायचं? कायदा आलाच म्हणून समजा. पुढच्या अधिवेशनात येतोय. कशाला त्या मगरींच्या घशात पैसे घालता?”

दादांना कुणाला नाही म्हणता येत नसे. त्यांनी मधल्यांना “जरा थांबू” म्हणून कळवलं. मधले रागावले नाहीत. उलट म्हणाले, “थांबाच, दादा. पुढच्या तिमाहीत आमचं नवं प्रॉडक्ट येतंय, खास तुमच्यासारख्यांसाठी.” अधिवेशनं आली आणि गेली, तिमाह्या आल्या आणि गेल्या. कायदा आला नाही. प्रॉडक्ट आलं, पण ते तरुण, निरोगी आणि पगारदार माणसांसाठी. दादा उघडे राहिले ते राहिलेच, आणि ते तसे राहण्यात दोघांचीही सोय होती.

मग थंडी सुरू होता होता दादा आजारी पडले. एका जुन्या इमारतीत लिफ्टच्या विहिरीत उतरून ते तारेच्या दोरांना वंगण लावत होते, तेव्हा उजव्या बरगडीखाली अशी कळ आली की हातातला डबा खाली पडला. भिंतीला टेकून त्यांनी ती ओसरू दिली, काम पुरं केलं, झाकण लावलं, ‘लिफ्ट बंद आहे’ ही पाटी काढून घेतली आणि मगच घरी आले. थोरलीला म्हणाले, “वायू असेल.” दोन दिवसांनी तिने त्यांचे डोळे बघितले. ते पिवळेधमक झाले होते.

आधी ती त्यांना जवळच्या खाजगी इस्पितळात घेऊन गेली. तिथली फरशी इतकी चकचकीत की दादा बूट काढायला वाकले. तपासणाऱ्या डॉक्टरने सांगितलं, पित्ताशयात खडे आहेत, एक नळीत अडकलाय, काढावे लागतील. मग काउंटरवरच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, “विमा कोणता?” नाही म्हटल्यावर तिचा आवाज तसाच गोड राहिला, फक्त तिने अनामत रकमेचा आकडा सांगितला. तो ऐकून दादांनी सदऱ्याची वरची दोन बटणं लावली आणि म्हणाले, “चल.”

सरकारी इस्पितळात खाट मिळाली, ती दाराजवळची. दार उघडलं की गार वारा, बंद झालं की आपटल्याचा आवाज. सलाइन लागलं, इंजेक्शनं सुरू झाली, डोळ्यांतला पिवळेपणा थोडा कमी झाला. दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला दोघं जावई आले. एक खाटेच्या या बाजूला, दुसरे त्या बाजूला. मध्ये दादा.

“काय हे, दादा,” मधल्यांनी खांद्यावर हात ठेवला. “मी सांगत होतो की नाही? नेमकं हेच सांगत होतो.”

धाकटे दादांकडे बघतच नव्हते. ते दोन खाटांमधलं अंतर वितीने मोजत होते. “बघा, बघा! माणसाला कूस बदलायला जागा नाही. यालाच म्हणतात जाणूनबुजून केलेली उपासमार. सरकारी इस्पितळं आधी उपाशी मारायची आणि मग म्हणायचं, ती मेली!”

“मेलेल्याला किती खाऊ घालणार, प्राध्यापक? करदात्याने?”

थोरलीने मधल्यांना कोपऱ्यात घेतलं. “भाऊजी, आता काढता येईल का हो यांची पॉलिसी? कसंही करून?”

“आता?” मधल्यांना खरोखर वाईट वाटलं असावं, कारण ते हसायचे थांबले. “ताई, आता हा आजार आधीपासूनचा धरतात. नियम माझा नाही. माझ्या वरच्यांचाही नाही. तो नियमच आहे.”

“आणि खाजगीत हलवायचा विचारही मनात आणू नका,” खाटेपलीकडून धाकट्यांचा आवाज आला. “उद्या लोक म्हणतील, यांच्या घरच्यांचाच सरकारी इस्पितळावर भरवसा नाही. चळवळीची मान खाली जाईल.”

एवढ्यात नर्स आली. तिच्या दोन्ही हातांत बाटल्या होत्या. “पेशंटचं जवळचं कोण?”

“मी,” दोघं एकदम म्हणाले.

“मग दोघंही बाहेर व्हा. सभा भरवायची तर आवारात भरवा. इथे लोक आजारी आहेत.”

दोघं बाहेर गेले आणि आवारात त्यांनी सभा पुढे चालू ठेवली. थोरलीला ती खिडकीतून दिसत होती. दादांनी डोळे मिटून घेतले होते.

आठवड्याने त्यांना घरी सोडलं. ऑपरेशनची तारीख मिळाली, ती दीड महिन्यानंतरची. तोवर तेलतूप बंद, जड उचलणं बंद, आणि कळ आली तर एक गोळी. ठेकेदाराने फोन करून लवकर बरे व्हा म्हटलं आणि त्यांच्या जागी दुसरा स्वतंत्र व्यावसायिक लावला.

घर आता थोरलीच्या एकटीच्या हातावर आलं. बाजाराजवळच्या एका लॉन्ड्रीत ती इस्त्रीकाम करत होती. मोठं वाफेचं यंत्र, पायाने दाबलं की फुस्स करून सगळं दुकान धुक्याने भरणारं. त्याच आठवड्यात दोन्ही जावयांचे कोट तिच्याकडे इस्त्रीला आले. शुक्रवारी संध्याकाळी नगरसभागृहात जाहीर चर्चा होती, ‘विमा कुणाचा: सरकारचा की बाजाराचा?’ एका वाहिनीवर ती थेट दाखवणार होते. एका बाजूने मधले, दुसऱ्या बाजूने धाकटे. घरचा वाद आता गावभर वाढला जाणार होता.

आणि दोघांनीही, एकमेकांना न सांगता, दादांना फोन केला होता. दादा, पहिल्या रांगेत येऊन बसाल का? काही बोलायचं नाही. नुसतं बसायचं.

“मी हो म्हटलंय,” दादा म्हणाले.

“कुणाला?”

“दोघांना. खुर्ची एकच आहे ना.”

“तुम्हाला उभं राहवत नाही आणि तिथे जाऊन बसणार?”

“अगं, आपलेच आहेत ते. बसायचंच तर आहे.”

बुधवारी धाकटी बहीण नवऱ्याचा कोट न्यायला लॉन्ड्रीत आली. थोरलीने कोट हँगरवर चढवला आणि न राहवून म्हणाली, “तुझ्या नवऱ्याला म्हणावं, भाषण करण्याआधी त्या वॉर्डात एक रात्र झोपून बघा.”

“ते कुठले झोपतायत तिथे, ताई!” धाकटी हसली. “आमचं तर सगळं मधल्या भाऊजींच्या...” आणि तिने जीभ चावली.

थोरलीने यंत्रावरचा पाय काढला. वाफ विरली. “मधल्या भाऊजींच्या काय?”

“काही नाही गं.”

“बोल.”

धाकटी लहानपणीही थोरलीपुढे टिकायची नाही, आताही टिकली नाही. सगळं भडाभडा बाहेर आलं. त्यांची पॉलिसी होती. मधल्यांच्याच कंपनीची, सगळ्यात वरची. जुळ्यांच्या वेळी ती ज्या इस्पितळात होती, तिथे खोलीत सोफा होता आणि खिडकीतून बाग दिसायची. पॉलिसी तिच्या नावावर काढली होती. चिटणिसांचं नाव कुठे दिसायला नको म्हणून. मधल्यांनी घरची म्हणून सवलत दिली आणि तोंड बंद ठेवलं.

“का ठेवलं तोंड बंद? त्यांना तर आयतं कोलीत मिळालं होतं हातात.”

“अगं, त्यांचं हर्नियाचं नव्हतं का झालं? त्यांच्याच कंपनीने आजार आधीचा आहे म्हणून नाकारलं. मग यांनी समितीतल्या मोठ्या डॉक्टरांना शब्द टाकला आणि सरकारी इस्पितळात चार दिवसांत ऑपरेशन करून दिलं. कचेरीत सांगितलं, प्रशिक्षणाला गेलेत.” धाकटीने इकडेतिकडे पाहिलं. “ताई, कुणाला बोलू नकोस हं. दोघांची इज्जत आहे.”

चार दिवसांत. थोरली कोट हातात घेऊन उभीच राहिली. मग तशीच दुकानाबाहेर पडली. धाकटे गाडीत बसले होते, इंजिन चालू ठेवून, कारण तिथे गाडी लावायला मनाई होती. तिने काचेवर टकटक केलं.

“भाऊजी, मधल्यांच्या हर्नियाला तुमचा शब्द चालला ना?”

धाकट्यांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे आपल्या बायकोकडे पाहिलं. बायको दुकानाच्या दारातली किंमतपाटी वाचत होती.

“ताई, ते प्रकरण वेगळं होतं.”

“काय वेगळं?”

“ते कुणाला माहीत नव्हतं.”

“आणि यांचं?”

“दादांचं आता सगळ्यांना माहीत आहे. मी तीन सभांत सांगितलंय, रांगेत खोळंबलेला श्रमिक म्हणून. आता मीच त्यांना रांग मोडून पुढे काढलं तर विरोधक काय म्हणतील? तुम्हीच सांगा.” त्यांनी आवाज खाली आणला. “आणि चर्चा परवा आहे, ताई. शुक्रवार होऊ दे. शुक्रवारनंतर मी स्वतः डॉक्टरांना शब्द टाकतो. आधी नको.”

“म्हणजे शुक्रवारपर्यंत ते आजारी राहायला हवेत.”

“तुम्ही फार वैयक्तिक पातळीवर घेताय,” धाकटे म्हणाले आणि कोट घ्यायला हात पुढे केला. थोरलीने तो दिला. फेकावासा वाटत होता, पण इस्त्री तिच्याच हातची होती.

मग तिने मधल्यांना फोन केला. धाकट्यांना पॉलिसी दिलीत, मग यांनाच का लटकवलंत, असं सरळ विचारलं. मधल्यांचा आवाज नेहमीपेक्षाही मऊ झाला. “ताई, कुठल्याही ग्राहकाची माहिती मला उघड करता येत नाही. आमच्याकडे गुप्ततेचं धोरण फार कडक आहे.”

संध्याकाळी तिने दादांना सगळं सांगितलं. ते ऐकून घेत बूट पुसत होते. “असू दे,” एवढंच म्हणाले, आणि दुसरा बूट घेतला.

शुक्रवारी दुपारी त्यांना थंडी वाजायला लागली. दोन पांघरुणं घातली तरी दात वाजत होते. थोरलीने कपाळाला हात लावला आणि झटकन काढून घेतला. डोळे पुन्हा पिवळे, आता मागच्यापेक्षा जास्त. तिने टॅक्सी बोलावली. टॅक्सीवाल्याने विचारलं, कुठे? दादा अर्धवट ग्लानीत म्हणाले, “नगरसभागृह.” थोरली म्हणाली, “इस्पितळ. सरकारी. लवकर.”

तातडीच्या विभागात बाकं भरली होती. कुणाचा हात गळ्यात, कुणाच्या कडेवर पोर. एका शिकाऊ डॉक्टरने दादांना तपासलं, रक्त घेतलं आणि म्हणाला, “बसा, मॅडमना बोलावतो, ऑपरेशन थिएटर रिकामं होतंय.” भिंतीवर उंच टीव्ही लावलेला होता. थोरलीने वर पाहिलं तर दोन कोट दिसले. तिने पाडलेल्या घड्या पडद्यावर सुरेख दिसत होत्या.

“आकडेवारी बाजूला ठेवू,” धाकटे गरजत होते. “माझ्या घरचं सांगतो. माझे साडू, लिफ्ट दुरुस्त करणारे कामगार, आज इथे पहिल्या रांगेत बसले आहेत!”

“त्यांचं मीही सांगणार होतो,” मधले हसले. “कारण ते माझेही साडू आहेत!”

सभागृहात हशा झाला, टाळ्या पडल्या. कॅमेरा वळला. पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर एक टक्कल पडलेला, गलेलठ्ठ गृहस्थ बसला होता. खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसला असावा. त्याच्या एका हातात बिस्किट होतं. पडद्यावर त्याच्या खाली अक्षरं आली: ‘विमा नसलेला नागरिक’. सूत्रसंचालिका माइक घेऊन लगबगीने त्याच्याकडे गेली.

“काका, तुम्हाला नेमकं काय हवंय?”

गृहस्थ दचकला. त्याने मागे पाहिलं, आपल्यालाच विचारलंय अशी खात्री करून घेतली आणि म्हणाला, “चहा आणखी मिळाला तर बरं होईल.”

थोरली पडद्याकडे डोळे फाडून बघत होती. आता तरी एखादा म्हणेल, हा आमचा माणूस नव्हे. आता तरी विचारेल, दादा कुठे राहिले? व्यासपीठ त्या खुर्चीपासून चार पावलांवर होतं. दोघांनी त्या गृहस्थाकडे नीट पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं.

“बघा, किती अल्पसंतुष्ट माणूस!” मधले म्हणाले. “अशा माणसाला निवडीचं स्वातंत्र्य मिळायला नको का?”

“व्यवस्थेने खचवलंय त्याला,” धाकटे म्हणाले. “इतकं, की त्याची मागणीसुद्धा चहापलीकडे जात नाही!”

पुन्हा टाळ्या. दादांनी डोळे किलकिले करून वर पाहिलं. “माझ्यापेक्षा बरा बसलाय,” ते म्हणाले आणि त्यांचं डोकं थोरलीच्या खांद्यावर आलं.

शेजारच्या बाकावरचा हात गळ्यात बांधलेला माणूस म्हणाला, “अहो, कुणीतरी मॅच लावा ना.” कुणीतरी लावली. तेवढ्यात दादांचं नाव पुकारलं गेलं.

सर्जन एक तरुण बाई होती, डोळ्यांखाली काळं, पायांत रबरी चपला. तिने पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, “इतके दिवस का थांबलात?”

“तारीख दिली होती,” थोरली म्हणाली.

“हं,” बाई म्हणाली, आणि तिने चाकांची खाट आत घ्यायला लावली.

नळीत पू झाला होता. त्याच दिवशी दुर्बीण घालून तो काढला, पित्ताशय नंतर काढलं. ते काही दिवस फार वाईट गेले. थोरलीने त्यांतलं कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं कुणी जवळ नव्हतं. दादा वाचले. पण अंगातली ताकद गेली ती परत आली नाही. लिफ्टच्या विहिरीत शिडीवरून उतरणं आता त्यांच्याने होणार नव्हतं. डॉक्टरबाई म्हणाली, पहिल्यांदा दाखल होते तेव्हाच झालं असतं तर एवढं ताणलं नसतं.

दोघं जावई इस्पितळात पुन्हा आले, या खेपेला फळं घेऊन.

“शेवटी वाचवलं कुणी?” धाकट्यांनी वॉर्डकडे हात फिरवला. “सरकारी इस्पितळाने!”

“दुर्बीण घातली ती कुणाची? यंत्रावरची पाटी वाचा, प्राध्यापक. खाजगी कंपनीचं कंत्राट आहे.”

“शुक्रवारी हे सभागृहात नव्हते,” थोरली म्हणाली.

“हो, आम्ही पाहिलं ना,” मधले म्हणाले.

“मग बोलला का नाहीत?”

मधल्यांनी फळांची पिशवी खाटेखाली सरकवली. मग धाकटे समजुतीच्या सुरात म्हणाले, “थेट प्रक्षेपण होतं, ताई.”

त्यानंतर रविवारची जेवणं बंद झाली. थोरलीने बंद केली. मधलीने फोन करून म्हटलं, “जाऊ दे ना ताई, पुरुषांचं राजकारण, आपण कशाला ओढून घ्यायचं?” थोरली म्हणाली, “मी ओढून घेतलेलं नाही. माझ्या खाटेवर आणून टाकलंय.” आणि फोन ठेवला.

दादांनी घरातच टेबलाशी बसून पंख्यांच्या आणि मिक्सरच्या मोटारी दुरुस्त करायला सुरुवात केली. काम कमी मिळे, पण मिळे. ते पूर्वीसारखेच कमी बोलत, फक्त हल्ली कुणासाठी पाणी ओतायला उठत नसत.

उन्हाळ्यात सरकारने विम्याच्या प्रश्नावर एकदाचा निर्णय घेतला. निर्णय असा, की अभ्यासासाठी आयोग नेमायचा. सरकारी विम्याच्या बाजूचे एक तज्ज्ञ, खाजगी विम्याच्या बाजूचे एक तज्ज्ञ, आणि असे इतर. त्यातले पहिले धाकटे जावई, दुसरे मधले. बातमी घेऊन दोघं एकाच गाडीतून आले. गाडी आयोगाची. हातात मिठाईचा मोठा खोका.

“अभिनंदन,” दादा म्हणाले. मोटारीला तांब्याची तार गुंडाळत होते, हात थांबवला नाही.

“सदस्यांना काय काय मिळतं म्हणे?” थोरलीने विचारलं.

“गाडी, भत्ता,” मधले म्हणाले, “आणि कुटुंबासकट संपूर्ण आरोग्यसुविधा.”

“सरकारी की खाजगी?”

मधल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. धाकटे म्हणाले, “कुठेही चालते.”

थोरली इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. दोघं जावई अवघडून उभे राहिले आणि ती थांबायची वाट बघू लागले. मग धाकटे घसा साफ करून दादांकडे वळले.

“दादा, आयोगापुढे पहिली साक्ष तुमची घ्यायची असं आमचं एकमताने ठरलंय. इतक्या वर्षांत आमचं कशावरच एकमत झालं नव्हतं! पुढच्या सोमवारी. गाडी पाठवतो.”

“नाही,” दादा म्हणाले.

दोघांना वाटलं, दादांना नीट ऐकू आलं नसावं. मधले पुढे झाले आणि त्यांनी दादांच्या खांद्यावर हात ठेवला. “सोमवार जमत नसेल तर मंगळवार ठेवू.”

“मंगळवारीही काम आहे.” दादांनी खांदा थोडा खाली केला. हात घसरला. “त्या टकलू गृहस्थाला विचारा. त्याची सवय झालीय तुम्हाला.”

दोघं गेले. जिन्यावरून उतरताना त्यांचा वाद ऐकू येत होता, दादांच्या नकाराचं खापर कुणावर फोडायचं याचा. खोका तसाच टेबलावर राहिला होता. थोरली तो घेऊन जिन्यापर्यंत गेली, “हे न्या, आयोगाला वाटा,” म्हणून खालच्या पायरीवर ठेवून आली.

परत आली तेव्हा दादांनी तांबं बाजूला ठेवलं होतं. चेहरा लाल झाला होता. तिला वाटलं, पुन्हा दुखतंय.

“काय होतंय?”

“दोघंही निर्लज्ज आहेत,” दादा म्हणाले. “नुसते निर्लज्ज नाहीत, कोडगे. तो वॉर्डात खाटा मोजत होता, माझ्या अंगावरून वाकून! आणि दुसऱ्याच्या हाताला अत्तराचा वास येत होता, मला मळमळत होतं आणि तो हात काही उचलेना. एकानेही विचारलं नाही गं, दादा, दुखतंय कुठे म्हणून. तो टोणगा, तो गोडबोल्या ढोंगी...”

थोरली बघतच राहिली. लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या तोंडून तिने कुणाबद्दल वावगा शब्द ऐकला नव्हता, आणि आता एकामागून एक असे येत होते, की त्यांतले निम्मे त्यांना माहीत असतील हेच तिच्या स्वप्नात नव्हतं. धाकट्यांच्या चमच्यापासून मधल्यांच्या हसण्यापर्यंत, वर्षानुवर्षं न बोलता पाहिलेलं सगळं ते शोधून शोधून काढत होते. एक राहिलं की मागे जाऊन तेही घेत होते.

“आणि तो टीव्हीवरचा चहावाला!” दादा म्हणाले. “त्याचं तर मला सांगायचंच आहे.”

तिने गॅसवरचा चहा उतरवला, खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. “सांगा,” ती म्हणाली. “सावकाश सांगा.”